कामातला वाटा : मुले माया आणि जबाबदारी कुठे शिकतात

मराठवाड्यात दारात कोणी आले की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि मग विचारपूस होते. एप्रिलमधल्या एका दुपारी परभणीकडच्या एका नातेवाइकांच्या ओसरीवर मी बसलो होतो, तेव्हा तो तांब्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलीने आणला. तांब्या काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला आणि तिची नजर पाण्यावर खिळलेली होती. उंबरा ओलांडताना तो हिंदकळला, निम्मे पाणी फरशीवर आणि थोडे माझ्या पायांवर सांडले. तिची आई आतून लगबगीने आली आणि म्हणाली, “अगं, तू कशाला आणायलीस? ठिव तिथं, मी देते.” चुलीपुढून आजीचा आवाज आला, “आणू दे की तिला. सांडलं तर पुसंल.” मुलीने एकदा आईकडे, एकदा चुलीकडे पाहिले, राहिलेले पाणी माझ्या हाती दिले आणि फडके आणायला पळाली.

शाळकरी मुलांच्या मारामारीची किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना वाऱ्यावर सोडल्याची बातमी आली की पारावर आणि मोबाइलवर एकच निदान ऐकू येते : संस्कार कमी पडले. निदान खोटे नसेलही, पण त्यातून औषध कळत नाही. संस्कार करायचे म्हणजे रोजच्या दिवसात नेमके काय करायचे, कोणत्या वयाला काय झेपते आणि मूल ऐकत नसेल तर पुढे काय, या प्रश्नांवर आपल्याकडे सुविचार, गोष्टी आणि दटावणी एवढीच सामग्री असते. बालमानसशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नांची बारकाईने तपासणी केली आहे, आणि तिचा निष्कर्ष बराचसा त्या आजीच्या बाजूने लागतो.

दया, माया आणि समानुभूती

‘दया’ हा शब्द मराठीत वरून खाली वाहतो. दया येते ती गरिबाची, अनाथाची, लंगड्या कुत्र्याची. बरोबरीच्या माणसाची दया आली असे म्हटले तर त्याला अपमान वाटतो. मुलांमध्ये आपल्याला जे हवे असते ते ‘माया’ आणि ‘कणव’ या शब्दांच्या अधिक जवळचे आहे. त्याच्या मुळाशी जे असते त्याला शास्त्रात समानुभूती म्हणतात, म्हणजे समोरच्याला काय वाटत असेल ते ओळखणे आणि त्यातले थोडेसे आपल्यालाही जाणवणे. मित्राच्या पायात बाभळीचा काटा मोडला की पाहणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो, ती समानुभूती. खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेणे आणि काटा काढणे, ही माया.

या दोन्हींच्या मध्ये एक मोठी फट असते. भरलेल्या एसटीत म्हातारी बाई दांडी धरून उभी असते, खिडकीजवळ बसलेल्या मुलाला वाईट वाटते आणि तो खिडकीबाहेर पाहू लागतो. त्याची समानुभूती शाबूत आहे, किंबहुना तिच्यामुळेच तो नजर चुकवतो आहे. त्याच्याकडे नाही ते एवढेच की ‘हे माझे काम आहे, मी उठलो नाही तर कोणी उठणार नाही’ ही खूणगाठ. जबाबदारी म्हणतात ती हीच, आणि म्हणून माया व जबाबदारी हे दोन वेगवेगळे धडे करून शिकवता येत नाहीत. नुसत्या मायेचे मूल हळहळत बसते. नुसत्या जबाबदारीचे मूल कामे उरकते, पण काम कोणासाठी चालले आहे हे त्याच्या गावी नसते.

मूल मुळात स्वार्थी असते का?

असते, असे आपण धरून चालतो. जर्मनीतल्या लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतील फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र वेगळे सांगतो. दीड वर्षाच्या 24 बालकांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालत होता. हातातला चिमटा खाली पडला आणि त्याला तो उचलता येईना. दुसऱ्या प्रसंगात दोन्ही हात भरलेले असल्याने त्याला कपाटाचे दार उघडता येईना. त्याने मदत मागितली नाही, खाऊ दाखवला नाही, शाबासकी दिली नाही. तरीही 24 पैकी 22 बालकांनी निदान एकदा तरी पुढे होऊन मदत केली. तोच चिमटा त्याने मुद्दाम खाली टाकला तेव्हा पुढे येणारी बालके बरीच कमी झाली. केवळ पडलेली वस्तू उचलण्याची हौस असती तर हा फरक पडला नसता. समोरचा अडला आहे हे त्यांना कळत होते.

ज्यांच्या घरात या वयाचे मूल आहे त्यांना प्रयोगाची गरजही नाही. केर काढायला घेतला की ते केरसुणीला झोंबते, शेंगा फोडायला बसले की टरफले दाण्यांत मिसळते, आणि भाकरी थापताना परातीत हात घालते, मग त्याच्या नावाची एक चानकी वेगळी भाजावी लागते. आपण याला लुडबूड म्हणतो, आणि काम लवकर आटपावे म्हणून मुलाला टीव्हीसमोर बसवतो. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत केलेल्या अभ्यासांत असे आढळले की जिथे आया ही लुडबूड चालवून घेतात आणि मुलाला कामातच सामावून घेतात, तिथली मुले मोठी होताना घरची कामे न सांगता अंगावर घेतात. जिथे मुलांना कामापासून दूर ठेवले जाते तिथे पुढे आपणहून उठणारी मुले कमी दिसतात. सोयाबीन पेरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन मातीवर पपडी धरली की बी चांगले असूनही कोंब आतच गुदमरतो. दोन वर्षांच्या मुलाला रोज दहा वेळा “तू हो बाजूला” म्हणणे ही ती पपडी होय, आणि बाराव्या वर्षी “हा काडीचे काम करत नाही” अशी तक्रार करणारे आपणच असतो.

याचा अर्थ दीड वर्षाचे मूल संत असते असा नाही. तेच मूल शेजारच्या मुलाच्या हातातला बिस्किटाचा पुडा हिसकावते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हे बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास उमगते. लाडवांचा डबा फडताळातून काढून कोठीत ठेवा आणि तीन वर्षांच्या मुलाला विचारा, की मघाशी बाहेर गेलेले आजोबा परत आल्यावर लाडू कुठे शोधतील. ते बहुधा ‘कोठीत’ असे सांगेल, कारण जे आपल्याला ठाऊक ते सर्वांना ठाऊक, असाच त्याचा हिशेब असतो. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी 1983 मध्ये अशाच धाटणीच्या प्रयोगातून हे दाखवून दिले. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाने खेळणे हिसकावले म्हणून त्याला ‘दुष्ट’ ठरवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या टोकाला, मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, हेही तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर ओरडण्याआधी आठवलेले बरे.

‘मदत’ आणि ‘वाटा’ यांतला फरक

“आईला मदत कर” हे वाक्य सगळ्याच घरांत बोलले जाते आणि निरुपद्रवी दिसते. पण काम आईचे आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. मदत करणारा आज करतो, उद्या नाही म्हणतो, आणि केली की कौतुकाची वाट पाहतो. वाटेकऱ्याचे तसे नसते. बटईने रान करणारा माणूस मालकाला मदत करत नसतो. पिकात त्याचा वाटा असतो, म्हणून रात्री दोन वाजता लाइट आली तरी मोटार चालू करायला तो उठतो. मुलाला घरात मदतनीस करण्यापेक्षा बटईदार करणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत आहे. “पाणी भरायला मदत कर” असे म्हणण्याऐवजी “माठ तुझ्याकडे” असे सांगितले की वाक्य लहान होते आणि काम मोठे.

बीट्रिस व्हायटिंग आणि जॉन व्हायटिंग या दांपत्याने सहा समाजांतील मुलांचा तुलनात्मक अभ्यास केला आणि 1975 मध्ये तो प्रसिद्ध झाला. केनिया, मेक्सिको आणि फिलिपिन्समधील ज्या वस्त्यांत मुलांना घरची, रानातली आणि विशेषतः धाकटी भावंडे सांभाळण्याची खरी कामे दिली जात, तिथली मुले दुसऱ्याला आधार देण्यात पुढे दिसली. अमेरिकेतील गाव या बाबतीत मागे होते. आपल्याला टोचावी अशी गोष्ट म्हणजे अभ्यासातले उत्तर भारतातील खेडेही मागे पडलेल्यांतच होते. ‘गावाकडची पोरे आपोआप संस्कारी निघतात’ या समजुतीला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. फरक गाव-शहराचा नव्हता, मुलांच्या हातात काय दिले जाते याचा होता.

काम खरे असावे, म्हणजे ते झाले नाही तर कोणाचे तरी अडले पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाने ताटांशेजारी पेले मांडावेत, सहा-सात वर्षांच्याने आपली अंघोळीची बादली आणि टॉवेल जागेवर ठेवावा व मेथी निवडायला बसावे, दहाव्या वर्षी किराणा आणून उरलेल्या पैशांचा हिशेब द्यावा, आणि तेराव्या वर्षी आठवड्यातून एकदा वरणभाताचा कुकर त्याच्या भरवशावर सोडावा. गुरे असतील तर कालवडीला पाणी दाखवण्याइतके चांगले काम नाही. फ्लॅटमध्ये कालवड नाही, पण पाणी आहे. मराठवाड्यातील अनेक शहरांत नळ रोज येत नाही. पाणी आले की टाकी भरणे आणि भरताच मोटार बंद करणे हे काम ज्या मुलाकडे असते, त्याला एक दिवस टाकी ओसंडल्यावर जे कळते ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडे पाण्याचा हिशेब हा घरादाराचा हिशेब आहे. तीच टाकी सांभाळणाऱ्या मुलाला “वरच्या काकूंना दोन बादल्या नेऊन दे, त्यांच्याकडे आज आलं नाही” असे सांगितले की जबाबदारीतून मायेकडे जाण्याची वाट दोन जिन्यांची उरते.

इथे मोठ्यांनी एक पथ्य पाळावे लागते आणि तेच सर्वांत अवघड आहे. मुलाने घातलेली कपड्यांची वेडीवाकडी घडी त्याच्यादेखत मोडून पुन्हा घालू नये. तसे केले की ‘तुझे काम हे काम नव्हतेच’ असे आपण त्याला न बोलता सांगतो, आणि मुले असली न बोललेली वाक्ये फार लवकर वाचतात. मूल विसरले तर आठवण द्यावी, पण काम परत घेऊ नये. मात्र कालवड तहानलेली ठेवून मुलाला धडा शिकवता येत नाही. आधी तिला पाणी द्यावे, मुलाला सोबत घेऊन द्यावे, आणि बोलायचे ते नंतर बोलावे.

चूक झाली की काय बोलायचे?

भावाने बहिणीच्या वहीचे पान फाडले. घरातून तीन प्रकारची वाक्ये येऊ शकतात. पहिले, “थांब, तुला दाखवतो.” दुसरे, “तू आहेसच नालायक, नाक कापलंस.” तिसरे, “तिनं दोन तास बसून ते चित्र काढलं होतं, उद्या शाळेत दाखवायचं होतं. बघ तिच्याकडं. आता काय करता येईल?” अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी आयुष्याचा मोठा भाग या तिसऱ्या वाक्याच्या अभ्यासात घालवला. आपल्या कृतीने दुसऱ्याचे काय झाले हे कारणासह दाखवून देणाऱ्या पालकांच्या मुलांत, केवळ धाक घालणाऱ्या पालकांच्या मुलांपेक्षा, समानुभूती आणि सदसद्विवेक अधिक दिसतो, असे त्यांचे काम सांगते. धाकाने मूल शिकते ते एवढेच की बाबा घरात असताना वही फाडायची नाही.

दुसऱ्या वाक्याचा धोका अधिक खोल आहे, कारण आपल्याकडे ते प्रेमानेही बोलले जाते. ‘मी वाईट केले’ आणि ‘मी वाईट आहे’ या दोन भावना वेगळ्या असतात. पहिलीला अपराधीपणा म्हणावे, दुसरीला शरम. जून टँगनी यांच्या संशोधनानुसार अपराधीपणा वाटणारा माणूस चूक दुरुस्त करायला पुढे होतो, तर शरमेने पोळलेला माणूस लपतो, चिडतो किंवा दुसऱ्यावर ढकलतो. चार लोकांत मुलाचा पाणउतारा केला की ते सुधारण्यापेक्षा खोटे बोलण्यात तरबेज होण्याची शक्यता जास्त. शाळेपुरते तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते.

“सॉरी म्हण” हा आपला आवडता शेवट असतो आणि त्यात फारसे काही नसते. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडून देणे किंवा बहिणीबरोबर बसून नव्या चित्रात रंग भरणे, ही माफी. शब्द मागाहून, स्वतःहून आले तर उत्तम. आणि मोठ्यांनीही मुलाची माफी मागावी. आपल्याकडे बाप मुलाला “माझं चुकलं” म्हणाला तर घराचे आढे खाली येईल अशी एक भीती असते. मी ते म्हणून पाहिले आहे, आढे जागेवर आहे.

संतांच्या गोष्टींचे काय, असा प्रश्न इथे येईल. गंगेच्या पाण्याची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती करणारे पैठणचे नाथ, गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या लेकराला कडेवर घेणारेही तेच, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नरसीचे नामदेव, या गोष्टी आपल्याच मातीतल्या आहेत आणि सांगितल्याच पाहिजेत. पण मुले त्या चमत्कार म्हणून ऐकतात आणि सोडून देतात. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य’ सांगण्याऐवजी “गाढवाला तहान लागली आहे हे नाथांना कशावरून कळलं असेल?” एवढेच विचारावे. जीभ, डोळे, वाळू, ऊन, आजूबाजूने निघून जाणारी माणसे, असे एकेक करून मूल स्वतः सांगू लागते, आणि ते सांगणे हाच समानुभूतीचा सराव असतो. अर्थात नामदेवांची गोष्ट सांगून झाल्यावर दारातल्या कुत्र्याला आपण दगड भिरकावला, तर मूल गोष्ट विसरते आणि दगड लक्षात ठेवते.

बक्षीस दिले तर बिघडते काय?

मी स्वतः ही चूक केली आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना अंथरूण-पांघरुणाची घडी करण्याचे मी त्याला रोज पाच रुपये देऊ केले. आठवडाभर गाद्या शाळेच्या कवायतीसारख्या शिस्तीत रचल्या गेल्या. आठव्या दिवशी त्याने विचारले, “आजीच्या अंथरुणाचे किती?” आजीचे गुडघे दुखत आणि त्याआधी तिची वाकळ तो कधीकधी न सांगता उचलून ठेवत असे. मी पाच रुपयांत ते विकत घेतले होते.

यात नवल काही नाही. 1973 मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवून चित्रे काढायला लावली. काही दिवसांनी आमिष नसताना तीच मुले चित्रे काढण्यात इतरांपेक्षा बराच कमी वेळ घालवू लागली. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये दाखवले की वीस महिन्यांच्या बालकांना मदतीबद्दल वस्तू मिळू लागली की नंतर त्यांची आपणहून होणारी मदत घटते. नुसत्या शाबासकीने मात्र तसे झाले नाही. तेव्हा कौतुक जरूर करावे, पण ते परिणामाचे करावे. “शहाणं बाळ माझं” यापेक्षा “तू माठ भरून ठेवलास म्हणून आबांना आल्याआल्या गार पाणी मिळालं” हे वाक्य मुलाला काही तरी सांगते. खाऊचे पैसे द्यायचे असतील तर ते खाऊचे म्हणून द्यावेत, मजुरी म्हणून नाही.

‘अभ्यासाला वेळ पुरत नाही, कामे कधी करणार?’

मराठवाड्यात हा आक्षेप सगळ्यांत जोरात येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. लातूर पॅटर्नने या भागातल्या अनेक घरांना डॉक्टर आणि इंजिनिअर दिले. मुलाच्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातुरात खोली करून राहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण “तू फक्त अभ्यास कर, बाकी कशाला हात लावू नकोस” हे वाक्य बोलताना आपण त्याला एक गोष्ट शिकवत असतो : घरातल्या सर्वांचा वेळ तुझ्यासाठी आहे, तुझा वेळ मात्र फक्त तुझा. अठराव्या वर्षी त्याने तसेच वागायला सुरुवात केली की आपल्याला धक्का बसतो.

आपले ताट घासणे, अंथरूण उचलणे आणि खोलीचा केर यांना दिवसाची पंधरा-वीस मिनिटे लागतात. मोबाइल दिवसातून त्याहून जास्त वेळ खातो, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. शिवाय अभ्यास ही सुद्धा जबाबदारीच आहे, पण ती त्याची असेल तर. पहाटे पाचला आई उठवते, दप्तर आई भरते, क्लासची वेळ आई लक्षात ठेवते, तर ती परीक्षा मुलगा देत असला तरी जबाबदारी आईची आहे. गजराचे घड्याळ मुलाच्या उशाशी ठेवावे आणि दोन-तीन दिवस क्लास बुडण्याची तयारी ठेवावी.

‘आमच्याकडच्या लेकरांवर आधीच ओझे आहे’

हा आक्षेप वेगळा आहे आणि याला उत्तर देताना लिहिणाऱ्याने जपून लिहावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडी परततात. सोबत गेलेली दहा वर्षांची मुलगी फडाच्या कडेला पाचटावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसते, कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, पाणी आणते, भाकरी थापते आणि तिची शाळा सुटते. गावी राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहतात आणि तीही घर चालवतात. या मुलांना जबाबदारी शिकवण्याची भाषा करणे क्रूरपणाचे आहे. त्यांना हवे आहे ते बालपण.

वाटा आणि ओझे यांच्यात रेघ कुठे ओढायची, तर काम शाळा, झोप आणि खेळ यांच्यावर चढले की ते ओझे झाले. मुलामागे मोठे माणूस उभे नसेल, चूक झाली तर सावरायला कोणी नसेल, तर तेच काम ओझे होते. कायद्याची रेघही साधारण अशीच आहे : 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला बंदी आहे, घरच्या, धोका नसलेल्या कामात शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत हातभार लावण्याची मुभा आहे.

आणि ओझे असमान वाटले गेले आहे, हे खात्यापित्या घरांतही खरे आहे. बहीण भावाचे ताट उचलते, भाऊ उचलत नाही. मुलींच्या बाबतीत आपल्याला जबाबदारी थोडी काढून घ्यायची आहे आणि मुलांच्या बाबतीत द्यायची आहे. ज्या घरात मुलगा आपले ताट स्वतः घासतो तिथे वडील आपले ताट कुठे ठेवतात, हे पाहिले की पुढचे सांगावे लागत नाही.

‘फार मऊ ठेवले तर जग त्याला लुबाडेल’

भित्रेपणा आणि माया यांची आपण गल्लत करतो. मागणाऱ्या प्रत्येकाला डबा देऊन टाकणारे मूल मायाळू असेलच असे नाही; बहुधा ते घाबरलेले असते. आपला अर्धा डबा मित्राला देणे आणि रोज डबा हिसकावणाऱ्याला “नाही देणार” म्हणणे, या दोन्ही गोष्टी त्याला यायला हव्यात. वर्गात एखाद्याला आडनावावरून किंवा तो कुठल्या वस्तीतून येतो यावरून चिडवले जात असताना हसण्यात सामील न होणे आणि त्याच्या शेजारी जाऊन बसणे, याला मऊपणा म्हणत नाहीत. त्याला छाती लागते.

मग शाळा कशासाठी?

शाळेचा वाटा आहेच. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्याच जिल्हा परिषदेच्या 500 शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. जोडीत आणि गटात काम करणे, आपले म्हणणे मांडणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे, यांवर त्यात भर होता. फळ्यावरच्या सुविचारावर नव्हता. मूल्ये वागून येतात, ही त्यामागची धारणा होती.

जपानमधील शाळांत मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, याचे आपण फार कौतुक करतो आणि आपल्या शाळेत मुलांच्या हातात झाडू दिसला की तक्रारही करतो. दोन्ही प्रतिक्रियांमागे कारण आहे. तिथे पाळी सर्वांची असते. आपल्याकडे झाडू पुष्कळदा शिक्षा म्हणून दिला जातो किंवा ठरावीक मुलांनाच दिला जातो, आणि तेव्हा मूल शिकते ते हेच की झाडणे हे खालच्या माणसाचे काम आहे. हातात खराटा घेऊन गावोगाव झाडत फिरणाऱ्या गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात वर्गातल्या पाळीच्या यादीत सरपंचाचा मुलगाही असावा आणि यादीच्या शेवटी गुरुजींचेही नाव असावे, एवढी अपेक्षा फार नाही.

उशीर झाला असेल तर?

तेरा-चौदा वर्षांचे मूल एका रात्रीत बदलणार नाही. त्याला आधी स्वच्छ सांगावे की आजवर आम्ही तुला कशाला हात लावू दिला नाही, ती चूक आमची. मग एकच काम द्यावे, त्याच्याशी बोलून ठरवलेले, आणि पहिले काही आठवडे तोंड वाकडे होणार, काम अर्धवट होणार हे गृहीत धरावे. तेवढा काळ टोमणे गिळावे लागतात. या वयात उपदेशापेक्षा दुसऱ्या जिवाशी प्रत्यक्ष गाठ अधिक काम करते. आजारी आजोबांना दवाखान्यात नेणे, धाकट्याला पोहायला शिकवणे, जनावर सांभाळणे.

छत्रपती संभाजीनगरला वाढलेला माझा एक भाचा मागे पोळ्याला गावी आला होता, सारा वेळ फोनमध्ये डोके घालून. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. थोरल्या आबांनी वाटी त्याच्या हातात दिली आणि काही न बोलता दुसऱ्या बैलाकडे वळले. त्याने जरा अंग चोरूनच हात लावला. मग बोटे एका जागी थांबली. “आबा, इथं एवढं कडक कशानं झालंय?” आबा मान न वळवता म्हणाले, “जू बसतंय तिथं.” तो बराच वेळ तेवढीच जागा चोळत राहिला, आणि वाटीतले संपले तसा कोणी न सांगता घरात जाऊन वाटी भरून घेऊन आला.